गवत, पिवळी उलटी आणि रात्रीची चुकलेली पोळी: एका कुत्र्याचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण पुण्याच्या पश्चिम भागातील एका गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या कुटुंबाचे आणि त्यांच्या कुत्र्याचे आहे. कुटुंबाच्या संमतीने ते येथे मांडले असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कुत्र्याला आपण खंड्या म्हणू. कुत्र्याने गवत खाणे ही लहान प्राण्यांच्या दवाखान्यात, विशेषतः पावसाळ्यात, वारंवार ऐकू येणारी तक्रार आहे, आणि बहुतेक वेळा तिचे उत्तर दोन मिनिटांत देता येते. या प्रकरणात मात्र गवताकडेच सगळ्यांचे लक्ष लागून राहिल्यामुळे खरे कारण महिनाभर मागे पडले, म्हणून ते सविस्तर नोंदवावेसे वाटले.

पार्श्वभूमी

खंड्या हा तीन वर्षांचा, 19 किलो वजनाचा देशी नर कुत्रा. पिल्लू असताना रस्त्यावरून घरी आणलेला, नसबंदी झालेला, लसीकरण वेळेवर असलेला. घरात नोकरी करणारे पती-पत्नी, सत्तरी ओलांडलेल्या आजी आणि जूनपर्यंत एक अठरा वर्षांचा मुलगा. खंड्याचे जेवण घरचेच होते: सकाळी दूध-पोळी, संध्याकाळी भात, उकडलेले चिकन आणि थोडा भोपळा किंवा गाजर. जंतनाशक देऊन आठ महिने होऊन गेले होते.

गवत खाण्याची सवय त्याला पिल्लू असल्यापासून होती. संस्थेच्या मागच्या बाजूला एक मोकळा पट्टा आहे; तेथे हरळी आणि लव्हाळा माजतो. फिरायला नेले की खंड्या तेथे थांबून हरळीचे कोवळे शेंडे निवडून चार-पाच मिनिटे चघळत असे आणि पुढे निघत असे. उन्हाळ्यात पट्टा वाळला की ही सवय आपोआप थांबे आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा सुरू होई. तीन वर्षांत यावरून कोणालाही काळजी वाटली नव्हती.

अडचण

जुलैच्या सुरुवातीपासून खंड्या आठवड्यातून दोन-तीन वेळा पहाटे किंवा सकाळच्या फेरीत उलटी करू लागला. पिवळा फेस, त्यात हिरवी पाती, क्वचित नुसते पाणी. अन्न जवळजवळ कधीच नसे. उलटीनंतर तो अर्ध्या तासात पूर्ववत खेळू लागे. गवत खाण्याची रीतही बदलली होती, पण ही गोष्ट घरच्यांच्या बोलण्यातून फार उशिरा बाहेर आली. पूर्वी तो पाती निवडून चावत असे. आता दाराबाहेर पडताच पट्टा ओढत गवताकडे धावे, समोर येईल ते, वाळलेले-ओले न पाहता, भराभर तोडून न चावताच गिळे आणि मध्येच ओठ चाटे.

कुटुंबाने काढलेला निष्कर्ष स्वाभाविक होता. पाऊस आला, गवत वाढले, कुत्रा जास्त गवत खाऊ लागला आणि गवतामुळे त्याला उलट्या होऊ लागल्या. आजींचे मत थोडे वेगळे होते. पोट बिघडले की कुत्रा स्वतःचे औषध म्हणून गवत खातो, तेव्हा त्याला खाऊ द्यावे, असे त्या म्हणत. घरात यावरून आठवडाभर चर्चा झाली आणि अखेर गवत बंद करण्याचा निर्णय झाला. आधी पट्टा आखूड धरून आणि दरडावून पाहिले. त्याचा उपयोग होईना म्हणून फिरताना तोंडाला नायलॉनचे घट्ट मुसके बांधण्यास सुरुवात झाली.

पुढचे दहा दिवस खंड्याच्या पोटात गवताचे एकही पाते गेले नाही. उलट्या मात्र त्याच गतीने होत राहिल्या. फरक एवढाच की आता पिवळ्या फेसात पाती नसत. निदानाच्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत मोलाचा पुरावा हाच होता आणि तो कुटुंबाने नकळत स्वतःच गोळा केला होता. त्या वेळी त्याचा अर्थ मात्र उलटा लावला गेला: कुठेतरी नजर चुकवून तो गवत खातच असणार.

दहाव्या दिवशी खंड्याने दिवाणखान्यातील मनी प्लांटची पाने चावून टाकली. या वेलीच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जीभ आणि हिरड्यांत रुततात. थोड्याच वेळात त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, तो पंजाने तोंड घासू लागला आणि घरचे त्याला घेऊन आमच्या दवाखान्यात आले.

तपासणी आणि विचारपूस

तोंडाचा दाह किरकोळ होता. थंड पाण्याने तोंड धुतल्यावर आणि थोडे दही चाटवल्यावर तासाभरात लाळ थांबली. बाकी तपासणीत ताप नव्हता, तापमान 101.6 अंश फॅरनहाइट, हिरड्या गुलाबी, पोट मऊ, दाबल्यावर दुखत नव्हते, अंगावर गोचीड नव्हती. वजन 19.4 किलो होते, म्हणजे आधीच्या नोंदीच्या आसपासच.

घरच्यांचा पहिला प्रश्न गवताचाच होता. त्यांना सांगितले ते असे. 2008 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड हजारांहून अधिक कुत्रेपालकांच्या उत्तरांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील 68 टक्के पालकांनी आपला कुत्रा रोज किंवा आठवड्यातून एकदा तरी गवत वा अन्य वनस्पती खातो असे सांगितले. खाण्याआधी कुत्रा वारंवार आजारी वाटतो असे म्हणणारे 8 टक्के होते आणि खाल्ल्यावर तो नियमितपणे उलटी करतो असे म्हणणारे 22 टक्के. तरुण कुत्रे अधिक वेळा गवत खात होते, पण त्यांच्यात आजाराची चिन्हे कमी होती, आणि कोणते अन्न दिले जाते याचा या सवयीशी संबंध दिसला नाही. ही माहिती पालकांच्या आठवणीवर उभी आहे, ही तिची मर्यादा. उलटी लक्षात राहते, शांतपणे चघळलेले गवत राहत नाही, त्यामुळे 22 हा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्तच असण्याचा संभव मला वाटतो. तरीही एवढे म्हणता येते की बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत गवत खाणे ही आजाराची खूण नसून सर्वसाधारण वागणूक आहे. लांडग्यांच्या विष्ठेतही गवत सापडते. न पचलेली तंतुमय पाती आतड्यातून जाताना जंत बाहेर काढण्यास मदत करत असावीत आणि ती सवय कुत्र्यांत वारशाने उतरली असावी, असा तर्क याच संशोधकांनी मांडला आहे. तो पटण्याजोगा असला तरी तर्कच आहे.

म्हणजे आजी आणि घरातील इतर मंडळी, दोघांचेही म्हणणे अर्धवट होते. गवत हे प्रत्येक वेळी औषध नसते आणि प्रत्येक उलटीचे कारणही नसते. मात्र मळमळणारा कुत्रा गवताकडे वळतो हे दवाखान्यात दिसते, आणि तो वळतो तेव्हा त्याची रीत वेगळी असते: घाई, न निवडणे, न चावणे, ओठ चाटणे, वारंवार आवंढा गिळणे. म्हणून आम्ही घरच्यांना विचारले की तो खातो कसा, आणि तेथून चर्चेची दिशा बदलली.

दुसरा प्रश्न होता जूनमध्ये घरात काय बदलले हा. पहिले उत्तर अर्थातच पाऊस. काही बदलले नाही, जेवण तेच आहे, असे दोघेही ठामपणे म्हणाले. जेवण खरोखर तेच होते. मग वेळा विचारल्या, आणि त्या सांगताना आजींना आठवले की नातू शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेला तो जूनच्या अखेरीस. खंड्याला सकाळी आठला आणि रात्री साडेआठला तोच वाढत असे, शिवाय अभ्यास संपवून साडेदहाला झोपायला जाताना पोळीचा तुकडा देत असे. तो गेल्यावर काम आजींकडे आले. आजी स्वतः लवकर जेवतात. त्यामुळे खंड्याचे ताट संध्याकाळी साडेसहाला मांडले जाऊ लागले आणि सकाळचे पूजा आटोपल्यावर दहाला. पूर्वी रात्री साडेनऊ तास रिकामे राहणारे पोट आता साडेपंधरा तास रिकामे राहत होते.

काही कुत्र्यांत पोट दीर्घकाळ रिकामे राहिले की लहान आतड्यातील पित्त जठरात उलटे येते, जठराच्या आतल्या आवरणाची आग होते आणि पहाटे पिवळ्या फेसाची उलटी होते. खंड्याचे चित्र याच्याशी तंतोतंत जुळत होते. परंतु पित्ताच्या उलटीचे निदान इतर कारणे बाजूला सारूनच करायचे असते, कारण जंत, स्वादुपिंडाचा दाह, गिळलेली वस्तू, मूत्रपिंड किंवा यकृताचे विकार हे सारे सुरुवातीला असेच दिसू शकतात.

पुढे असलेले पर्याय

काही न करता वाट पाहणे हा एक पर्याय होता. कुत्रा खात होता, खेळत होता, वजन टिकून होते. पण महिनाभर चालू असलेली उलटी किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नसते, आणि पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस व गोचिडताप यांचा विचार मनात ठेवावाच लागतो.

दुसरा पर्याय घरच्यांनीच सुचवला. आजींसाठी आणलेली पॅन्टोप्राझोलची गोळी खंड्याला द्यावी का? आम्ही नको म्हटले. आम्ल कमी करणारे औषध कुत्र्यांना दिले जाते, पण येथे ते आधी दिले असते तर उलटी दबली असती आणि वेळापत्रकाचा दोष तसाच राहिला असता. माणसांच्या औषधपेटीतून अंदाजाने मात्रा देण्याची सवय लागू नये, हेही एक कारण होते.

तिसरा पर्याय संपूर्ण तपासण्यांचा: रक्त, क्ष-किरण, सोनोग्राफी. खर्च बराच होता आणि तपासणीत तशी निकड दिसत नव्हती. चौथा पर्याय अन्न बदलण्याचा. घरच्यांनी ऐकले होते की तंतुमय अन्न दिले की गवत खाणे थांबते. याला आधार नाही असे नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रकरणात सात वर्षे वनस्पती खाऊन उलट्या करणाऱ्या 11 वर्षांच्या मिनिएचर पूडलला जास्त तंतू असलेले अन्न सुरू केल्यावर तीन दिवसांत ती सवय थांबली होती. परंतु ती एका कुत्र्याची नोंद आहे, आणि खंड्याचे गवत थांबवणे हे आमचे उद्दिष्टच नव्हते.

घेतलेले निर्णय आणि केलेली कार्यवाही

एका वेळी एकच मुख्य गोष्ट बदलायची असे ठरले. दिवसभराचे अन्न तेवढेच आणि तेच ठेवून फक्त त्याचे तीन भाग केले: सकाळी फेरीहून परतल्यावर साडेसातला, संध्याकाळी साडेसहाला आणि रात्री साडेदहाला छोटा वाटा. घरच्यांना दूध बंद करून पाकिटातले अन्न सुरू करायचे होते. ते त्यांना दोन आठवडे थांबवायला सांगितले, कारण दोन्ही एकदम केले असते तर गुण कशाने आला हे कळले नसते.

मुसके त्याच दिवशी काढले. याविषयी थोडे ठासून सांगितले पाहिजे. उलटी होणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाला घट्ट कापडी किंवा नायलॉनचे मुसके बांधणे धोक्याचे आहे. उलटी बाहेर न पडता श्वासनलिकेत जाऊ शकते, शिवाय कुत्र्याला धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकता येत नाही. जाळीदार, तोंड पूर्ण उघडता येईल असे मुसके वेगळे आणि हे वेगळे. मनी प्लांट उंचावर टांगण्यात आला. हरळीसारखे निर्धोक गवत बंद केल्यावर कुत्रा घरातील विषारी कुंडीकडे वळला, हे आम्हालाही विचार करायला लावणारे होते. डिफेनबेकिया, सायकस, कण्हेर यांच्या बाबतीत हेच घडले असते तर प्रकरण इतक्या सहज निभावले नसते. सायकस आणि कण्हेर तर जीवघेणेच.

ताज्या शौचाचा नमुना तपासणीस पाठवला. रक्ततपासणी दहा दिवसांपुरती पुढे ढकलली आणि कोणत्या लक्षणांवर दहा दिवस न थांबता यायचे ते लिहून दिले: उलटीत रक्त, काळे शौच, पाणीही न टिकणे, जेवण नाकारणे, सुस्ती, पिवळसर हिरड्या. पोट फुगून नुसत्याच कोरड्या ओकाऱ्या येऊ लागल्या तर रात्र असली तरी तत्काळ निघायचे.

पहिल्या रात्रीनंतर पहाटे एक उलटी झाली, त्यानंतर अहवाल येईपर्यंत झाली नाही. चौथ्या दिवशी अहवाल आला, त्यात अंकुशकृमींची थोडी अंडी होती. जंतनाशक ताबडतोब दिले आणि तीन आठवड्यांनी पुन्हा दिले. येथे मात्र एकेक बदल करण्याचे तत्त्व बाजूला ठेवावे लागले, कारण या कृमींच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात आणि माणसाच्या उघड्या पायांतूनही त्वचेत शिरतात. आजी त्या पट्ट्यात सकाळी अनवाणी चालत असत. उलट्या जंतनाशक देण्यापूर्वीच थांबल्या होत्या, म्हणून मुख्य श्रेय वेळापत्रकाला देता येते. जंतांचा वाटा शून्य होता असे म्हणता येणार नाही.

पट्ट्याचा प्रश्न

दुसरा निर्णयाचा क्षण ऑगस्टमध्ये आला. खंड्या पुन्हा शांतपणे हरळी चघळू लागला होता. अशात सुरक्षारक्षकाच्या बोलण्यातून कळले की संस्था मागच्या पट्ट्यात तणनाशक फवारून घेणार आहे आणि कुंपणाच्या कडेला उंदरांसाठी ब्रोमाडायोलोनच्या वड्या ठेवल्या आहेत. गवत निरुपद्रवी असते हे विधान त्या गवतावर काय पडले आहे यावर अवलंबून असते. ब्रोमाडायोलोन रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडते आणि लक्षणे काही दिवसांनी दिसतात, तोवर मालक ती घटना विसरलेला असतो. दवाखान्यात आम्हाला गवतापेक्षा या वड्यांचीच अधिक धास्ती वाटते.

कुटुंबाने संस्थेच्या समितीकडे लेखी विनंती केली. कुत्र्यासाठी फवारणी थांबवा, या मागणीला समितीत फारसा प्रतिसाद मिळाला नाही. मग आजींनी निदर्शनास आणून दिले की गणेशोत्सवासाठी इमारतीतील निम्म्या घरांच्या दूर्वा याच पट्ट्यातून खुडल्या जातात, आणि विषय एका बैठकीत मिटला. दूर्वा म्हणजे हरळीच, त्यामुळे खंड्याचे आणि बाप्पाचे हित एकच ठरले. पट्ट्याचा अर्धा भाग फवारणीविना ठेवून तेथील तण माळ्याकडून खुरपून घ्यायचे ठरले, उरलेल्या भागातील फवारणीची तारीख आधी कळवायची आणि उंदरांच्या वड्या बंद पेटीत ठेवायच्या असेही ठरले. याशिवाय आजींनी गॅलरीत दोन पसरट कुंड्यांत गहू पेरले, जसे त्या नवरात्रात घटाभोवती पेरतात तसेच.

परिणाम

पुढील सहा आठवड्यांत दोन उलट्यांची नोंद झाली. एक लांब पाती खाल्ल्यावर लगेच झालेली, पाणी आणि गवत असलेली; खंड्या नंतर नेहमीसारखा जेवला. दुसरी पाहुण्यांच्या गडबडीत रात्रीचा वाटा राहून गेला त्या पहाटेची, पुन्हा पिवळा फेस. ही दुसरी उलटी घरच्यांना वाईट वाटली, आम्हाला मात्र निदानाची खातरजमा म्हणून उपयोगी पडली. वजन 19.8 किलो झाले. जंतनाशकाच्या दुसऱ्या मात्रेनंतरचा शौचाचा नमुना स्वच्छ आला.

गवत खाणे थांबले नाही, किंबहुना मुसके निघाल्यावर ते जूनपूर्वीइतकेच झाले. गव्हाच्या कुंडीकडे तो अधूनमधून जातो, पण पसंती पट्ट्यातील हरळीलाच आहे. थंडीत पट्टा वाळून कुसळे धरू लागला तेव्हा त्या बाजूला नेणे घरच्यांनी आपणहून बंद केले, कारण कुसळ कानात, बोटांच्या बेचक्यात किंवा घशात रुतले की ते पुढेच सरकत जाते आणि बरेचदा भूल देऊन काढावे लागते.

काय वेगळे करता आले असते

मुसके बांधल्यावर उलट्या थांबल्या नाहीत, हे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच स्पष्ट होते. त्याच वेळी दवाखान्यात फोन केला असता तर मनी प्लांटचा प्रसंग टळला असता. घरच्यांकडे उलटीचे एकही छायाचित्र नव्हते आणि वेळेची नोंद नव्हती. मोबाइलवर काढलेले दोन फोटो आणि बाजूला लिहिलेली वेळ यांनी विचारपूस निम्म्यावर आली असती. कुत्रा गवत कसा खातो याचे अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण तर त्याहून उपयोगी ठरले असते. जंतनाशकाचा आठ महिन्यांचा खंड हाही टाळता येण्याजोगा होता. ओल्या गवतात रोज तोंड घालणाऱ्या कुत्र्याला तीन महिन्यांनी जंतनाशक, किंवा निदान त्या अंतराने शौचाची तपासणी, असे आम्ही सुचवतो.

रक्ततपासणी पुढे ढकलण्याविषयी मात्र आमच्याच दवाखान्यात मतभेद आहेत. माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे की महिनाभराच्या उलट्या आणि पावसाळा हे दोन्ही असताना पेशींची मोजणी आणि मूत्रपिंड-यकृताची प्राथमिक चाचणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. गोचीड अंगावर दिसली नाही म्हणजे ती चावली नाही असे होत नाही. वजन, भूक, हिरड्यांचा रंग आणि वेळापत्रकाचा इतका स्वच्छ धागा हाती असताना दहा दिवस थांबणे योग्य होते, असे मला वाटते. खंड्या सात वर्षांचा असता, किंवा त्याचे वजन अर्ध्या किलोनेही घटले असते, तर मी रक्त त्याच दिवशी घेतले असते.